आटत चाललेला पान्हा

माझी थोरली लेक फाल्गुनात झाली. आई मी लहान असतानाच गेली होती. जऊळक्याला माहेरी वडील आणि भाऊ एवढेच होते, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी, रिठदलाच झालं. मला सासूही नव्हती. घरात बाईमाणूस म्हणजे ह्यांची आत्या. ती बालविधवा. भावाच्या घरी परत आली ती तिथलीच झाली, आणि भावजय वारल्यावर ह्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं. घरातले सगळे तिला आत्याबाई म्हणायचे, आणि गावातली निम्मी माणसंही. माझं बाळंतपण तिनं एकटीनं निभावलं. शेक-शेगडी, काढे, डिंकाचे लाडू, कशालाही कमी पडू दिलं नाही.

दूध मला भरपूर होतं. लेक एका बाजूला प्यायला लागली की दुसऱ्या बाजूनं चोळी भिजायची. आत्याबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची. मला त्याचा अभिमान वाटे. वय असेल एकोणीस-वीस. अभिमान वाटावा असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंही.

चैत्र लागला आणि डाव्या बोंडीला चीर पडली. लेकीनं तोंड लावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. म्हणून मी तिला उजवीकडेच जास्त घेऊ लागले, डावीकडे टाळायला लागले. त्या बाजूला दूध साकळत गेलं. आधी आवळ्याएवढी गाठ लागली, मग सगळं थानच दगडासारखं झालं. वरची कातडी लाल आणि इतकी तापलेली की पदराचा स्पर्श सोसवेना. एका दुपारी भर उन्हाळ्यात मला हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या टाकूनही दात वाजायचे थांबेनात.

आत्याबाईला जे जे येत होतं ते तिनं केलं. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकलं, एरंडाची पानं बांधली, जवसाचं पोटीस लावलं. गाठ बसली नाही, ताप चढतच गेला. मग एका सकाळी ती न्हाणीमागच्या मोगऱ्याची फुलं ओच्यात भरून घेऊन आली. दोन्ही थानांवर फुलं पसरली आणि वरून जुन्या धोतराची पट्टी करकचून आवळली. एक शेळी तिनं आधीच दारात आणून बांधली होती. लेकीला बोंडल्यानं शेळीचं दूध द्यायला सुरुवात झाली. बोंडलं म्हणजे चोच असलेली पितळेची छोटी वाटी. तिच्यानं लेकराच्या तोंडात दूध सोडतात.

मोगरा बांधला की दूध आटतं, हे आमच्याकडच्या बायांना ठाऊक असतं. ज्या बाईचं लेकरू जातं तिला तो बांधतात. तापाच्या भरात मला एवढंच कळत होतं की माझं लेकरू तर शेजारी पडून रडतंय, मग मला मोगरा कशासाठी? पण हात उचलून ती पट्टी सोडवण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

शेवटी ह्यांनी बैलगाडी जुंपली. वाशिमला त्यांचे एक लांबचे मामा राहायचे, त्यांच्याकडे उतरलो. आत्याबाई लेकीला आणि बोंडल्याला घेऊन सोबत आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टी सोडायला लावली. आतली फुलं तपकिरी पडून कातडीला चिकटली होती, आणि त्यांचा वास पुवाच्या वासात मिसळला होता. डॉक्टरांनी गळू कापलं. किती पू निघाला ते आत्याबाईनं पाहिलं. मी भिंतीकडे तोंड करून पदर दातांत धरला होता. जखमेत औषधाची वात घातली आणि पेनिसिलिनची सुई सुरू केली. ती रोज घ्यायची म्हणून आम्ही वाशिमलाच थांबलो.

ताप उतरला त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं डावीकडे होतं. दोन्ही कशाला बांधली होती?"

आत्याबाई लेकीचं दुपटं सारखं करायला लागली. तेव्हा ते मला म्हणाले, "उजवीकडचं बाळाला पाजा. डावीकडचं जखम भरेपर्यंत हातानं काढून टाका. काढलं नाही तर पुन्हा साकळेल, आणि पाजलं नाही तर आटेल."

बाहेर रांग लागलेली होती. ते पुढच्या माणसाकडे वळले. पण ती वाक्यं मी पदरात गाठ मारावी तशी धरून ठेवली. परतीच्या वाटेवर गाडीच्या हेलकाव्यांनी जखम ठसठसत होती आणि मी मनात तीच घोळवत होते.

घरी आल्यावर कळलं की सांगणं सोपं आहे. लेकीला उजवीकडे घेतलं तर तिनं दोनदा तोंड हलवलं आणि पाठीची कमान करून रडायला लागली. बोंडल्यातून दूध आपोआप गळ्यात उतरतं. इथे ओढावं लागतं, आणि ओढूनही हाती काही लागत नाही. मी पिळून पाहिलं. चार थेंब आले. जिथून चोळी भिजायची तिथून चार थेंब.

आत्याबाईनं लेकीला माझ्या मांडीवरून उचललं आणि बोंडलं तिच्या ओठांना लावलं. लेक गटगट प्यायली. "जाऊ दे आता," आत्याबाई म्हणाली. "आटलं तं आटलं. तू उठून बसली, हे काय कमी झालं?"

मी म्हटलं, मला पाजायचंच आहे. ती लेकीला थोपटत राहिली. लेक झोपल्यावर माझ्यासमोर येऊन बसली आणि एवढ्या दिवसांत माझ्याजवळ कधी न काढलेली गोष्ट तिनं सांगितली.

"माह्या धाकट्या बहिणीचं असंच झालतं," ती म्हणाली. "थान पिकलं. थे बी म्हणे, मी पाजीन. पाजत राह्यली. ताप काही उतरला नाई. पोट्टी वाचली, बहीण गेली. थ्या पोट्टीले मी बोंडल्यानं वाढोलं. म्हून मले माईत हाय, लेकरू बोंडल्यावर जगते. माय गेल्यावर थे कोणाच्या तोंडाकडे पाह्यन?"

मोगऱ्यापासून माझ्या मनात तिच्याविषयी एक अढी बसली होती. लेकीला माझ्यापासून तोडायला निघाली, असं मला वाटायचं. ती मला वाचवायला निघाली होती, हे तेव्हा कळलं. पण म्हणून माझा विचार बदलला नाही. उलट आता तिच्याशी नीट बोलता आलं.

"मले आता ताप नाई, आत्याबाई," मी म्हटलं. "हात लावून पाह्या. तुमच्या बहिणीच्या टायमाले सुई नव्हती. मले सुई भेटली. मी पाजीन."

तिनं खरंच माझ्या कपाळाला हात लावला. मग मानेला लावला. हात काढून घेतला आणि म्हणाली, "ताप आला तं त्याच दिवशी बंद."

मी कबूल केलं.

तेव्हापासून माझा दिवस लेकीच्या भुकेवर बांधला गेला. ती उठली की आधी छातीशी घ्यायची, ती रडून लाल होईपर्यंत. मग बोंडलं. मग ती झोपली की गरम फडक्यानं शेकून दोन्हीकडचं हातानं काढायचं. डावीकडे जखम सांभाळून वरून खाली हलके हलके दाबायचं. कधी पुवाचा अंश यायचा, कधी पिवळट पाणी. ते एका करवंटीत आणि उजवीकडचे थेंब काशाच्या वाटीत जमवायचे. सुरुवातीला वाटीचा तळदेखील धड ओला व्हायचा नाही. डावीकडचं मी परसातल्या पेरूच्या बुडाशी ओतायची, कारण अंगावरचं दूध चुलीत किंवा मोरीत जाऊ देत नाहीत. उजवीकडचं बोटानं लेकीच्या जिभेला चाटवायची. हाताचे अंगठे सुजायचे. शेजारच्या बाया पाणी भरायला येता-जाता पाहायच्या आणि आपसात म्हणायच्या, हिला वेड लागलं.

हे शेलूबाजारला बैल पाहायला गेले होते. बैल जमला नाही, पण येताना हाळीव आणि शतावरीच्या वाळल्या मुळ्या घेऊन आले आणि आत्याबाईच्या पुढ्यात ठेवल्या. तिनं रोज हाळिवाची खीर करायला घेतली. तिला पटत नव्हतं तरी ती माझ्या बाजूला एक पाऊल आली होती. एकदा मी वाटीतले थेंब पाहून रडत बसलेली ह्यांना दिसले. हे जागच्या जागी उभे राहिले. मग म्हणाले, "म्हैस बी एकांद्या टायमाले पान्हा चोरते. मंग दुसऱ्या टायमाले देते." मला इतका राग आला की रडू थांबलं. थोड्या वेळानं हसूही आलं.

वैशाखात लेकीला जुलाब लागले. त्या उन्हात सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकत नसे. कितीही उकळलं, ओल्या फडक्यात ठेवलं तरी कुठेतरी चूक होई. आत्याबाईनं जायफळ उगाळून चाटवलं, पेजेचं पाणी दिलं. लेकीची टाळू खोल गेली. रडण्यात आवाज राहिला नाही, नुसते ओठ हलायचे. तिला मांडीवर घेऊन मी बसले होते आणि मला फक्त एकच गोष्ट दिसत होती: हिच्या पोटात जे जायला पाहिजे ते माझ्याजवळ होतं, आणि मी ते जाऊ दिलं. त्या दुखण्यातून ती उठली, पण कातडी हाडांना टेकली होती. मी ठरवलं की पावसाळ्याच्या आत हिला बाहेरच्या दुधावरून उतरवायचं. पावसाळ्यात हगवण घरोघर असते.

त्याच सुमाराला आमच्या वावरात धसकटं वेचायला तांड्यावरच्या बाया लागल्या होत्या. ज्वारी कापल्यावर जमिनीत जी बुडखी उरतात ती धसकटं. उन्हाळ्यात ती उपटून वावर साफ करतात. वावर घराला लागूनच होतं. त्या बायांतली एक आपली वर्षाच्या आतली पोर आमच्या गोठ्याच्या सावलीत झोपवून कामाला जायची. पोर चांगली आडव्या अंगाची होती, तिला दोन दात आले होते. दुपारी ती उठली की असा सूर लावायची की तिची माय वावराच्या पार टोकावरून धावत यायची.

एका दुपारी ती पोर रडायला लागली आणि माझ्या उजव्या थानात कळ आली. आधी मला समजलं नाही. मग चोळीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. माझी स्वतःची लेक रडून रडून क्षीण झाली होती, तिच्या रडण्यात जोर नव्हता. आणि ह्या परक्या पोरीच्या आरोळीनं पान्हा फुटला होता. म्हणजे दूध आटलं नव्हतं. त्याला ओढणारं तोंड नव्हतं. माझे अंगठे किती ओढणार?

तिची माय आली, पोरीला पदराखाली घेतलं. मी ताकाचा गडू घेऊन तिच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. गळू, मोगरा, बोंडलं. मग विचारलं की तुझी पोर रोज थोडा वेळ मला दे. माझ्याकडे तिला प्यायला फारसं नाही, पण ती ओढेल, तिचं ओढणंच मला हवंय. डॉक्टरांच्या सुईनं दुखणं गेलंय, आणि जखमेच्या बाजूला मी तिला लावणार नाही.

तिनं पोरीला आणखी जवळ घेतलं.

"उद्या तुमच्या लेकराले काही झालं," ती म्हणाली, "तं लोक म्हणतीन का तांड्यावरच्या बाईनं केलं. नाव माह्यं येईन."

"नाव आलं तं माह्यं येईन," मी म्हटलं. "मी मांगून राह्यली, तू द्यायले नाई आली."

"आन म्हातारी?"

"म्हातारीले मी पाह्यतो."

तिनं ताक प्यायलं, गडू वाळूनं घासून पालथा ठेवला. मग पोरीला माझ्या मांडीवर दिलं, पण स्वतः हलली नाही. मला लागून बसली, पोरीच्या पायावर हात ठेवून. पोरीनं माझ्याकडे एकदा टकामका पाहिलं आणि मग तोंड लावलं. मला वाटलं, आतड्यापर्यंतचं सगळं ओढून काढतेय. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते दुखण्याचं होतं आणि मला ते हवं होतं.

आत्याबाईनं ते दारातून पाहिलं. ती आत गेली, आणि त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेईना. स्वतःचा वेगळा माठ भरून घेतला. जेवायला माझ्याआधी बसू लागली. ह्यांच्याकडे तिनं तक्रार केली असावी, कारण संध्याकाळी हे मला म्हणाले, "आत्याबाईले लय लागलं." मी म्हटलं, लागू द्या, मी तिच्या पाया पडेन, पण हे थांबवणार नाही. ह्यांनी बैलांना कडबा टाकला आणि तो विषय त्यांच्या बाजूनं तिथेच संपला.

पण ती बाई दुपारी यायची तेव्हा गोठ्याजवळच्या दगडावर भाकर आणि वरण झाकून ठेवलेलं असायचं. ते मी ठेवत नव्हते. आत्याबाईनं त्या पोरीला कधी हात लावला नाही, तिच्या मायशी शब्द बोलली नाही, आणि भाकर ठेवायची कधी चुकली नाही. ह्याचा अर्थ मी तिला कधी विचारला नाही.

पोरीच्या ओढण्यानं फरक पडत गेला. काशाच्या वाटीत आता तळ दिसेनासा झाला. कधी कधी पोर प्यायला लागताच दुधाची धार तिच्या गालावर उडायची आणि तिची माय हसायची. पण माझी लेक अजून तोंड फिरवतच होती. छाती समोर आली की तिला आता रडायचंच माहीत झालं होतं. मग मला सुचलं की भुकेनं पिसाळलेल्या लेकराला मी काहीतरी नवं शिकवू पाहतेय. भुकेच्या आधी, झोपेत असताना का नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावरची पोर प्यायला बसली. माझी लेक शेजारी झोळीत झोपेत होती. दूध उतरलं असं कळताच मी पोरीचं तोंड सोडवलं. तिनं निषेधाची आरोळी ठोकली, मायनं तिला उचललं, आणि मी माझ्या लेकीला झोपेतच छातीशी धरलं. थेंब आपोआप गळत होते. एक तिच्या ओठावर पडला, एक तोंडात गेला. तिनं गिळलं. डोळे मिटलेलेच होते. मग तिची जीभ हलली आणि तिनं ओढलं. एकदा, दोनदा, मग न थांबता. गिळण्याचा तो बारीक आवाज मी जवळजवळ विसरले होते.

मी श्वाससुद्धा जपून घेत होते. तांड्यावरची बाई आपल्या रडणाऱ्या पोरीच्या तोंडावर हात धरून अंगणात दूर गेली, लेकीची झोप मोडू नये म्हणून. आत्याबाई भरलेलं बोंडलं घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. लेक सुटून बाजूला होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "उजव्या अंगाले गाठ नाई ना?"

"नाई."

"रोज पाह्यत जाय."

तिनं बोंडल्यातलं दूध मांजरीच्या वाडग्यात ओतलं आणि घरात गेली. संध्याकाळी तिनं माझ्याकडे पाणी मागितलं.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. लेक एक दिवस प्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमान करायची. जास्त दिवस झोपेतच पाजावं लागलं. जागेपणी ती हळूहळू वळली. धसकटं वेचून झाली तसं तांड्यावरच्या बायांचं काम संपलं. ती बाई जायच्या दिवशी पोरीला घेऊन आली. मी तिला एक नवं लुगडं दिलं. तिनं ते घेतलं आणि म्हणाली की लुगडं पोरीनं कमावलं, पण नेसीन मी. दोन वर्षांनी रिसोडच्या बाजारात ती मला दिसली, पोर तिच्या पुढे पळत होती. त्यांचा नवरा-बायकोचा मुक्काम तेव्हा दूर कुठे खडी फोडण्याच्या कामावर होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दोघींच्या लेकींविषयी बोललो आणि आपापल्या वाटेला लागलो.

डावीकडची जखम ज्येष्ठात पूर्ण भरून आली. तिथे खड्डा पडला, तो अजून आहे. पहिल्यांदा लेकीला त्या बाजूला घेतलं तेव्हा मी आधीच पदर दातांत धरला होता. चिरेची आठवण अंगातून गेली नव्हती. तिनं धरलं. दुखलं, पण काजवे चमकले नाहीत. त्या बाजूला उजवीच्या निम्मंही दूध कधी आलं नाही, पुढच्या बाळंतपणातही नाही. पण आलं, आणि मी ते एकदाही टाळलं नाही. बोंडलं आधी दिवसातून तीनदा, मग एकदा, मग आजारपणापुरतं फडताळात गेलं. शेळी आत्याबाईनं ज्याच्याकडून आणली होती त्याला परत दिली.

पेरण्या झाल्या, पिकं वीतभर वर आली आणि निंदण निघालं. घरात हात थोडे आणि वावर मोठं, त्यामुळे मीही गेले. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून लेकीला तिच्यात टाकलं. आत्याबाई झोळीजवळ बसायची, झोका द्यायची आणि लेकीनं नुसती कुणकुण केली तरी वावराच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज द्यायची, "ये वं, पोट्टी उठली!" मी खुरपं सरीत रोवून ठेवायची आणि हात धुऊन बांधावर यायची. लेक आता अंगानं भरली होती, दंडाला वळ्या पडल्या होत्या. आधी डावीकडे घ्यायची, भूक ताजी असते तेव्हा ती नेटानं ओढते म्हणून. मग उजवीकडे. तोवर बरोबरच्या बाया आपापली पात, म्हणजे निंदायची ओळ, धरून बऱ्याच पुढे गेलेल्या असत. लेकीला आत्याबाईच्या मांडीवर देऊन मी पदर खोचायची आणि माझी पात गाठायला वाकायची.